एआरटी फुकट आहे, मग अडतं कुठे?

रानजाई

मागच्या आठवड्यात इथेच कुणीतरी लिहिलं होतं, “एड्स आता जवळपास संपलाच ना? पूर्वी भिंतीभिंतीवर जाहिराती असायच्या, हल्ली नावही ऐकू येत नाही.” तिथे प्रतिसाद द्यायला बसले आणि तो मूळ लेखापेक्षा लांब व्हायला लागला, म्हणून वेगळा धागा.

मी राज्यातल्या एका एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात, समुपदेशक आहे. कंत्राटी, अर्थात. जिल्हा सांगणार नाही, आणि खाली येणाऱ्या माणसांचे तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.

आधी चांगलं ते सांगते. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधं फुकट मिळायला लागली. मुंबईचं जे.जे. पहिल्या काही केंद्रांपैकी एक. तेव्हा सीडी-४ पेशी (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी) ठरावीक आकड्याखाली गेल्या तरच गोळ्या सुरू व्हायच्या. २०१७ पासून ती अट गेली, चाचणी पॉझिटिव्ह आली की उपचार सुरू. जुन्या स्टॅव्ह्युडिन ह्या औषधाने गाल आत जायचे, हातापायांच्या शिरा वर यायच्या, गावात माणूस तोंडावरून ओळखू यायचा. आता बहुतेकांना टीएलडी मिळते, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तिन्ही एकाच गोळीत. रोज एक. नेमाने घेतली तर बहुतेकांच्या रक्तात सहाएक महिन्यांत विषाणू मोजता येण्याइतकाही राहत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण डॉक्टर मंडळींनासुद्धा ते पटवावं लागतं.

देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतायत. संख्येने सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, चार लाखांच्या आसपास. तेव्हा ‘संपलं’ वगैरे काही नाही.

मग अडतं कुठे? माझं मत असं की गोळी पोचली आहे. पण आपण देऊ केलेली जवळजवळ प्रत्येक मदत आधी माणसाला ‘तू कोण ते दाखव’ म्हणते, आणि त्याची नेमकी तीच तयारी नसते.

एसटीचं बघा. साध्या गाडीत एचआयव्ही असलेल्यांना मोफत प्रवास आहे. चांगली योजना. पण ओळखपत्र दाखवायचं कंडक्टरला, आणि तालुक्याच्या गाडीचा कंडक्टर गावचाच नाहीतर शेजारच्या गावचा. आमच्याकडच्या बायका सरळ अर्धं तिकीट काढतात, पुरुष पूर्ण काढतात. सवलत कागदावर राहते. संजय गांधी निराधार योजनेचंही तेच. महिन्याला दीड हजार रुपये, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. (२१ हजारांत वर्ष कोण काढतं हा वेगळा धागा होईल.) अर्जाला आजाराचा दाखला जोडायचा. तो दाखला तलाठ्यापासून तहसीलच्या टेबलापर्यंत किती हातांतून फिरणार, हे विचारून बायका अर्ज परत घेतात.

आणि डबी. टीएलडी पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत येते, तीस गोळ्यांची. आमच्या रुग्णालयाच्या फाटकाजवळच्या कचराकुंडीत कधीही डोकवा, रिकाम्या डब्या दिसतील. लोक औषध घेतात, फाटकापर्यंत जातात, गोळ्या रुमालात किंवा पुडीत ओततात आणि डबी तिथेच टाकतात. आतली ओलावा शोषणारी पुडी पण गेली डबीबरोबर. पावसाळ्यात त्या गोळ्या दमट घरात, तांदळाच्या डब्यात नाहीतर देवाच्या फोटोमागे. जे डबी घरी नेतात ते लेबल खरवडतात आणि आत कापूस कोंबतात, चालताना खुळखुळू नये म्हणून.

बाकीच्यांनी लिहा. विशेषतः डॉक्टर, शिक्षक, आणि ज्यांना स्वतःला सांगण्यासारखं आहे त्यांनी.

---

सोलापुरी_चटणी

फार उत्तम धागा. एक बाळबोध प्रश्न. सगळं काही घरपोच येतं तर ह्या गोळ्या पोस्टाने का येत नाहीत? निदान दर महिन्याला खेप तरी वाचेल.

---

रानजाई

@सोलापुरी_चटणी, प्रश्न बाळबोध नाही. लॉकडाऊनमध्ये कितीतरी ठिकाणी कार्यकर्त्यांनी गोळ्या घरापर्यंत नेल्या. त्यात कळलं ते असं की अर्ध्या लोकांना घरापर्यंत कोणी यायलाच नको होतं. “फाट्यावर थांबा, मी येतो” म्हणायचे. पोस्टमनच्या हातात सरकारी पाकीट म्हणजे आळीभर चौकशी.

ज्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, दबलेला आहे त्यांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात आणि त्याने खूप फरक पडला. शिवाय लिंक एआरटी केंद्रं आहेत, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, म्हणजे जिल्ह्याला यायला नको. पण गंमत बघा, जवळचं केंद्र दिलं की लोक नको म्हणतात. “तिथली सिस्टर आमच्या गावात दिलीय,” असं एकीने सांगितलं. ती शंभर किलोमीटरवरून आमच्याकडेच येते. एक जण तर शेजारचा जिल्हा ओलांडून येतो. अंतर कमी करणं हा उपाय आहे असं धोरण आखणाऱ्यांना वाटतं. आमच्या लोकांना अंतर हवं असतं.

---

डॉ_पथिक

तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. रानजाईंच्या मुद्द्याला वैद्यकीय बाजू जोडतो.

माझ्याकडे मधुमेहाचे पेशंट येतात. मेटफॉर्मिन एक ग्रॅम दोन वेळा लिहिली, साखर आली ताब्यात, पण पेशंट म्हणतो पोट सतत बिघडलेलं, गळून जायला होतं. खोदून विचारल्यावर कधीतरी कळतं की टीएलडी चालू आहे. डोल्युटेग्रॅविरमुळे मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून मेटफॉर्मिन दिवसाला एक ग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नसते. मला माहीतच नसेल तर मी काय करणार? तीच गत अँटासिड, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांची. डोल्युटेग्रॅविरबरोबर घेतल्या तर ते अंगाला लागत नाही. टीएलडी आधी दोन तास किंवा नंतर सहा तास, असं अंतर ठेवावं लागतं. गरोदर बाईला लोह-कॅल्शियम चालू असतंच, आणि ती घरच्यांसमोर सगळ्या गोळ्या एकदम गिळून मोकळी होते, म्हणजे वेगळी गोळी कोणाला दिसत नाही!

टीबी झाला तर आणखी एक. टीबीवरचं रिफॅम्पिसिन डोल्युटेग्रॅविरची पातळी खाली आणतं, म्हणून बारा तासांनी डोल्युटेग्रॅविरची आणखी एक ५० मिलिग्रॅमची गोळी लागते. म्हणजे संध्याकाळीही घरात लपवाछपवी. आणि एचआयव्ही असलेल्यांत मृत्यूचं सर्वांत मोठं कारण अजून टीबीच आहे.

एचआयव्हीची लोकं आता म्हातारी होतायत ही खरं तर आनंदाची गोष्ट. वीस वर्षांपूर्वी ज्यांना आम्ही ‘वर्षभर काढतील’ म्हणत होतो ते आता बीपी, साखर, गुडघे घेऊन येतात. पण साखर एकीकडे, एचआयव्ही दुसरीकडे, आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांची कधी गाठ पडत नाही.

---

काकाश्री

सगळं वाचलं. वाईट वाटतं, पण एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कॅन्सरचा माणूस शेत विकतो, किडनीवाला डायलिसिसच्या खर्चाने बुडतो. ज्यांनी स्वतःच्या वागण्याने आजार ओढवून घेतला त्यांना जन्मभर फुकट औषध, वर एसटी फुकट, वर निराधारचे पैसे. आमच्या कराच्या पैशाने किती करायचं?

---

मुक्ता_साताराकर

काकाश्री, मी ज्या शाळेत आहे तिथे दोन भावंडं आजीजवळ राहतात. आईबाप दोघं गेले. त्या मुलांनी कुठलं ‘वागणं’ केलं ते सांगा. आणि त्यांची आई लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, तिला नवऱ्याकडूनच लागण झाली.

---

नवं_खातं

ह्याच धाग्यासाठी खातं उघडलं. मला चौदा वर्षं झाली.

मुक्ताताई, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत, पण ही वाटच नको. मुलं बिचारी, बायका बिचाऱ्या, रक्तातून झालेले बिचारे, आणि मग उरलेले आम्ही गुन्हेगार, असं होतं. मला कसं झालं ते मी केंद्रात सांगितलं, बायकोला सांगितलं. इथे सांगणार नाही. काकाश्रींना मधुमेह असेल तर जिलेब्या किती खाल्ल्या हे कोणी विचारून इन्शुलिन देत नाही.

आणि पैशाचंच म्हणाल तर मी एमआयडीसीत काम करतो, कर भरतो, आणि गोळी घेतो म्हणून माझ्याकडून पुढे कोणाला होत नाही. माझी बायको निगेटिव्ह आहे, मुलगी निगेटिव्ह आहे. माझी गोळी बंद केली तर सरकारला तीन माणसांची द्यावी लागली असती. हिशोबच करायचा तर नीट करा.

आता माझी गोष्ट. हर्नियाचं ऑपरेशन होतं. सरकारीत तारीख लांब मिळत होती, दुखत होतं, म्हणून एका खासगी रुग्णालयात गेलो. आधी खरं सांगावं म्हणून सांगितलं. सर्जन म्हणाले हरकत नाही. दाखल झालो, फाईलवर लाल मार्करने मोठा गोल. जेवणाचं ताट दाराशी ठेवून जायचे. सकाळी पहिलं ऑपरेशन माझं ठरलं होतं, ते दिवसभर ढकलत सगळ्यांच्या शेवटी घेतलं. बिलात ‘स्पेशल किट’ म्हणून वेगळी रक्कम होती, औषधांच्या निम्म्याएवढी. विचारलं तर बिलिंगची मुलगी शेजारच्या मुलीकडे बघून हळूच म्हणाली, “तुमच्या केसला लागतं.” रांगेत माझ्यामागे माझ्याच कंपनीतला फिटर उभा होता. त्याने ऐकलं का नाही हे मला अजून माहीत नाही. दोन महिने मी त्याच्या डोळ्यांत बघत होतो.

पुढच्या वेळी दाढ काढायची होती. काहीच बोललो नाही.

---

डॉ_पथिक

@नवं_खातं, तुमच्याशी जे झालं ते बेकायदेशीर तर आहेच, शास्त्रालाही धरून नाही. दूषित सुई टोचली तर लागण होण्याचं प्रमाण एचआयव्हीत ०.३ टक्क्यांच्या आसपास. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचं तर ३० टक्क्यांपर्यंत. जो पेशंट टीएलडीवर आहे आणि ज्याचा व्हायरल लोड दबलेला आहे त्याच्यापासूनचा धोका आणखी खाली. खरा धोका चाचणीच न झालेल्या माणसाचा. म्हणूनच हातमोजे, गॉगल, सुया टाकायची पद्धत हे सगळं प्रत्येक पेशंटला सारखंच वापरायचं असतं. ‘स्पेशल किट’ कसलं आलंय? आणि सुई टोचलीच तर ७२ तासांच्या आत, खरं तर दोनेक तासांत, पीईपी, म्हणजे लागण टाळायचं औषध, सुरू करायचं, २८ दिवस घ्यायचं.

दाढेच्या वेळी तुम्ही गप्प राहिलात ह्याबद्दल तुम्हाला बोल लावणार नाही. आम्हीच शिकवलं ते.

---

काकाश्री

@नवं_खातं, तीन माणसांच्या हिशोबाचा मुद्दा मान्य. बाकी माझं मत पूर्ण बदललंय असं नाही, पण तो मुद्दा मान्य.

---

काळा_डगला

वकिली करते. थोडं कायद्याचं, कारण बऱ्याच जणांना हा कायदा आहे हेच ठाऊक नसतं.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली संसदेत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचं घर, विमा, ह्या सगळ्यात भेदभावाला मनाई. संमतीशिवाय चाचणी करायची नाही, संमतीशिवाय कोणाला सांगायचं नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा, रुग्णालय असेल तर वीस माणसांनाच हा नियम लागतो. राज्याने लोकपाल नेमायचा. कोर्टात नाव झाकून खटला चालवता येतो.

मुंबई उच्च न्यायालयाने तर हे कायद्याच्या वीस वर्षं आधी सांगितलं होतं. एका सार्वजनिक कंपनीने हंगामी कामगाराला एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढलं होतं. माणूस कामाला तंदुरुस्त असेल आणि इतरांना धोका नसेल तर निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला काढता येणार नाही, असा निकाल १९९७ साली लागला. दोन्ही पक्षांची नावं निकालात नाहीत, फक्त अक्षरं आहेत.

पण रानजाई म्हणतात ते इथेही खरं आहे. तक्रार करायची तर तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं, म्हणजे ज्या रुग्णालयाने लाल गोल काढला त्याच रुग्णालयाच्या एका माणसासमोर बसून स्वतःचा आजार सांगायचा. माझ्याकडे लोक सल्ला घ्यायला येतात. वकीलपत्रावर सही करायची वेळ आली की फोन उचलत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, पण खटलेच झाले नाहीत तर कायद्याला दात येणार कुठून?

---

बांदेकर_म्हापसा

कायद्याचा विषय निघालाच आहे तर गोव्याचं सांगतो, कारण तरुण मंडळींना हे माहीत नसतं.

१९८९ साली डॉमिनिक डिसोझा नावाचा आमचा तरुण नेमाने रक्तदान करायचा. त्या रक्ताच्या तपासणीत तो एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला. कोणी त्याला बसवून समजावून सांगितलं नाही. पोलीस आले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात नुकतीच दुरुस्ती करून एचआयव्हीबाधिताला वेगळं डांबण्याचा अधिकार सरकारला दिला होता. त्याला जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस पहाऱ्यात ठेवलं. आई लुसी डिसोझा कोर्टात गेली. तो सुटला, पण १९९० च्या निकालात उच्च न्यायालयाने डांबण्याची तरतूद उचलून धरली. १९९२ मध्ये डॉमिनिक वारला. जायच्या आधी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली.

माझे वडील त्या वेळी म्हापशात होते. त्यांच्या पिढीतले लोक अजूनही रक्त तपासायचं म्हटलं की “कित्याक?” (कशाला?) विचारतात. ती भीती आजाराची कमी आणि पोलिसांची जास्त आहे असं मला कायम वाटत आलंय.

---

अनिरुद्ध_७

(हा प्रतिसाद संपादित केला आहे. खात्रीने बरं करणाऱ्या वैद्यांचे पत्ते इथे देऊ नयेत. – संपादक)

---

रानजाई

संपादकांचे आभार. ‘मुळासकट बरा करतो’ म्हणणाऱ्यांमुळे आमच्याकडचे किती पेशंट गोळ्या सोडून गेलेत ते मोजायला नको. काही महिने बरं वाटतं, कारण आधीच्या गोळ्यांनी पेशी वाढलेल्या असतात. श्रेय वैद्याला. मग एक दिवस तोंडात पांढरे चट्टे, खोकला, वजन निम्मं, आणि सीडी-४ पन्नासच्या आत घेऊन येतात. एड्स बरा करणारं औषध असा दावा करायला कायद्याने मनाई आहे.

---

पेटी_नंबर_नऊ

औषध कंपनीत आहे, कुठली ते जाऊ दे. गोळी पोचली म्हणताना ती कशी पोचली हे विसरू नये. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तीन औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा ते बारा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीदांनी तेच औषध ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ला वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं, दिवसाला एका डॉलरहून कमी. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या कृतीला पेटंट मिळायचं, पदार्थाला नाही, म्हणून ते शक्य झालं. आज आफ्रिकेतल्या बहुतेक पेशंटच्या हातातली गोळी भारतात बनलेली असते.

आणि तरी २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दिल्लीत नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) दारात पेशंट महिनाभराहून जास्त धरणं धरून बसले होते, केंद्रांत औषधं नाहीत म्हणून. कारखाना इथे, गोळी इथली, आणि निविदा वेळेवर निघाली नाही की दिव्याखाली अंधार. सरकार म्हणालं पुरेसा साठा आहे. राष्ट्रीय पातळीवर असेलही. गडचिरोलीच्या माणसाला राष्ट्रीय पातळीशी काय करायचंय?

---

रानजाई

तेव्हा आम्ही महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या मोजून देत होतो. रोजंदारीवरचा माणूस दर आठवड्याला खाडा कसा करणार? त्यात जे सुटले त्यातले काही परत आले नाहीत.

सुटलेल्यांना शोधणं हे एक वेगळंच काम. फोन करायचा तर नंबर मुलाचा असतो. “कुठून बोलताय?” आमच्या सहकाऱ्यांची ठरलेली उत्तरं आहेत: बचत गटातून, बँकेतून, रेशनच्या केवायसीसाठी. विहान ह्या आधार कार्यक्रमाचे कार्यकर्ते गावात जातात तेव्हा गाडी वेशीबाहेर लावतात. त्यातले बरेच जण स्वतः एचआयव्हीसह जगणारे, तुटपुंज्या मानधनावर. त्यांनी दार वाजवलं तर दार उघडतं, आमच्यासारख्यांनी वाजवलं तर नाही. सांगलीत संग्राम ह्या संस्थेने वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर नव्वदच्या दशकातच हे दाखवून दिलं होतं. बायकांनी स्वतःच निरोध वाटले, स्वतःच एकमेकींना दवाखान्यात नेलं, आणि पुढे त्यांचीच व्हॅम्प ही संघटना झाली. सरकारी कार्यक्रम त्यांच्याकडून शिकला, पण मानधन वाढवायला नाही शिकला.

---

मुक्ता_साताराकर

वर मी लिहिलं त्या भावंडांपैकी थोरला आता सोळाचा आहे. आजीने त्याला सांगितलंय की गोळी ‘रक्त वाढायची’ आहे. त्याला गूगल करता येतं हो. गोळीवर काय लिहिलंय ते त्याने बघितलं नसेल? आजी म्हणते अठरा झाल्यावर सांगू. मला ठाऊक आहे हे आजीला माहीत आहे, मुलाला माहीत नाही. मी काय करावं?

---

रानजाई

मुक्ताताई, तुम्ही त्याला सांगू नका, पण आजीला घेऊन केंद्रात या. मी म्हणते तसं: सोळाव्या वर्षी बहुतेक मुलांना कळलेलं असतं. त्यांना ते कळलंय हे घरच्यांना कळू नये म्हणून ती गप्प असतात. मग एक दिवस गोळ्या गादीखाली सापडतात. हे वय सगळ्यात अवघड. लहानपणापासून गोळी घेऊन कंटाळा आलेला, मित्रांबरोबर राहायला जायचंय, कोणीतरी आवडायला लागलंय. चिडून विचारतात, “मला का?” त्याचं उत्तर आमच्याकडेही नसतं. पण सांगितल्यावर गोळी घेणं सुधारतं, हे मी कितीदा बघितलंय.

लातूरजवळ हासेगावचं सेवालय, पंढरपूरची पालवी, बीडजवळ पालीचं इन्फंट इंडिया, अशा एचआयव्ही असलेल्या मुलांच्या संस्थांत वाढलेली मुलं ह्या बाबतीत आमच्या गावाकडच्या मुलांपेक्षा पुढे असतात. तिथे रात्री सगळे एकत्र बसून गोळी घेतात, लपवायचं कोणापासून? पण प्रत्येक मूल संस्थेत जाऊ नये, आजीजवळ राहावं, हेही खरं. आजी सत्तरीला आल्या आहेत आणि त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न माझ्या टेबलावर रोज असतो.

---

बालाघाट

बीडकडचा आहे. ऊसतोडीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

दसरा-दिवाळी झाली की आमची गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयत्यामागे नवराबायको दोघं, पोरंही सोबत. सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटक. मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत राहायचं. आता विचार करा, तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन माणूस गेला. जानेवारीत संपल्या. पहाटे चारला फडात, रात्री गाडी भरायला. दवाखान्यात जायचं तर खाडा, खाड्याचे पैसे मुकादम कापून घेणार, वर विचारणार काय झालंय. कोपीला दार नसतं, ताडपत्री असते. डबी ठेवायची कुठे? आमच्या टोळीत एक बाई गोळ्या बाजरीच्या पिठात ठेवायची. एकदा जावेने पीठ काढलं आणि झालं. हंगाम अर्ध्यावर टाकून नवरा तिला गावी सोडून आला. उचल तशीच अंगावर राहिली, पुढच्या वर्षी फेडायला तो एकटाच गेला.

माझा चुलत भाऊ आता निघतोय. त्याला आहे. गोळ्या फेब्रुवारीत संपतील. ट्रान्सफर करून घे म्हणालो तर म्हणतो तिकडचा कागद इकडे आला तर गावात कळेल. काय करायचं?

---

रानजाई

@बालाघाट, भावाला हे सांगा.

जायच्या आधी त्याच्या केंद्रात समुपदेशकाला स्पष्ट म्हणू दे, “ऊसतोडीला चाललोय, एप्रिलला येणार.” व्हायरल लोडचा रिपोर्ट चांगला असेल आणि साठा असेल तर जास्तीत जास्त जेवढ्या देता येतील तेवढ्या गोळ्या देतात. न सांगता गेला तर एकाच महिन्याच्या हातात पडतील.

पूर्ण ट्रान्सफर करायची गरज नाही. हिरवं पुस्तक (केंद्रातलं उपचाराच्या नोंदींचं) सोबत ठेवायला सांगा. ज्या भागात फड आहे तिथल्या जवळच्या एआरटी केंद्रात ते दाखवलं की प्रवासातला पेशंट म्हणून तात्पुरत्या गोळ्या मिळतात. पुस्तक नेणं धोक्याचं वाटत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक असलेल्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवला तरी निदान शोधता येतं, आणि तिथून मूळ केंद्राला फोन करता येतो. कागद गावात, ग्रामपंचायतीत, आशाताईकडे, कुठेही जात नाही. केंद्र ते केंद्र एवढाच त्याचा प्रवास.

फड कुठे आहे हे कळलं की १०९७ वर फोन करून जवळचं केंद्र विचारता येतं, फोन फुकट आहे आणि नाव सांगावं लागत नाही. केंद्र सकाळीच गाठावं, दुपारनंतर गर्दी नसली तरी औषधाची खिडकी बंद झालेली असते. खाड्याला कारण लागेल तर दाढ दुखतेय म्हणू दे.

गोळ्यांच्या डबीतली छोटी पुडी फेकू नका म्हणावं. डबी नको असेल तर झाकण घट्ट बसणारी दुसरी एखादी औषधाची बाटली घ्या, ती पुडी त्यात टाका, आणि पिठात नको.

बायकोची चाचणी झाली आहे का तेही विचारा.

---

बालाघाट

झाली आहे. निगेटिव्ह. सोमवारी त्याला घेऊन केंद्रात जातो.